ज्या रस्त्यावर घर, त्याच रस्त्याने बाहेर: पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

सिंहगड रस्ता, सातारा रस्ता, सासवड रस्ता, सोलापूर रस्ता, नगर रस्ता, नाशिक रस्ता, मुंबई रस्ता, पौड रस्ता. पुण्यातले मोठे रस्ते ज्या गावाला जातात त्याच गावाच्या नावाने ओळखले जातात. नोकरीसाठी किंवा शिकायला आलेला माणूस घर बघताना ऑफिस किंवा कॉलेज किती लांब एवढंच बघतो, आणि सुट्टी आली की सगळ्यांबरोबर लोणावळ्याला नाहीतर सिंहगडावर धावतो. मग खराडीत राहणारा रविवारी सकाळी अख्खं शहर ओलांडून सिंहगडाच्या घाटात गाड्यांच्या रांगेत अडकतो, आणि त्याच्या घराच्याच बाजूचं तुळापूर त्याने कधी पाहिलेलं नसतं. मी अमरावतीहून इथे आले, शहराच्या वेगवेगळ्या टोकांना भाड्याने राहिले, आणि माझ्या मागून आलेल्या भाचरांना आणि ऑफिसातल्या नव्या मुलामुलींना एकच सांगत आले: ज्या रस्त्यावर घर आहे, त्याच रस्त्याने आधी बाहेर पडा. बाकीचं पुणं हळूहळू कळतं.

आधी घर

एकटे असाल आणि पहिले काही महिनेच काढायचे असतील तर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहणं सोपं. स्पर्धा परीक्षेची मुलं सदाशिव आणि नारायण पेठेत अशीच राहतात. खाली मेस, शेजारी अभ्यासिका, सगळं पायी. फ्लॅट घेणार असाल तर 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. तो नोंदणीकृतच करून घ्या, कारण पुढे गॅस, बँक, पासपोर्ट, मुलांची शाळा, सगळीकडे तोच कागद लागतो. एजंट साधारण एका महिन्याचं भाडं घेतो. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते. ती घरमालकाने दिली का, हे विचारायला संकोच करू नका.

करारापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा आहे, आणि नवीन माणूस नेमका तोच विचारत नाही. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. या भागातल्या अनेक सोसायट्या अजून टँकरवर चालतात. इमारत देखणी असते, खाली जिम असते, आणि मार्च लागला की गेटवर टँकरची रांग. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की वेगळा, हे आधी विचारा. पिण्याचं पाणी उकळून घ्या. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले, तेव्हा संशय पाण्यावरच होता.

दुसरा प्रश्न नदीचा. मुठा एरवी इतकी बारीक वाहते की तिची भीती वाटत नाही. पण वर पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला अशी चार धरणं आहेत. ती भरली की खडकवासल्यातून पाणी सोडतात, आणि भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्याची आठवण पेठांतली म्हातारी माणसं अजून सांगतात. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरलं. म्हणून नदीजवळचं घर बघत असाल तर एजंटला विचारू नका. जिना उतरताना वॉचमनला किंवा तळमजल्यावरच्या काकूंना विचारा: "2024 च्या जुलैत पार्किंगमध्ये पाणी आलं होतं का?" उत्तर लगेच आणि खरं मिळतं.

अजून एक: गुरुवार. दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बहुतेक वेळा गुरुवारी बंद ठेवतात. बुधवारी रात्री पेपर किंवा सोसायटीचा ग्रुप बघायचा आणि दोन बादल्या जास्त भरून ठेवायच्या, ही सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्या.

पहिला महिना गाडीशिवाय

इथे प्रत्येकाकडे दुचाकी आहे, तुम्हीही घ्याल. पण पहिला महिना घेऊ नका. गाडीवर बसलं की फोनमधला नकाशा रस्ता सांगतो आणि शहर डोक्यात शिरत नाही. पीएमपीच्या बसने फिरलात तर कुठला चौक कशाच्या पुढे हे आपोआप पाठ होतं. (वयस्कर माणसं तिला अजून पीएमटी म्हणतात.) पुण्यात पत्ता चौकाने सांगतात: नळस्टॉप, अलका टॉकीज, मनपा, गुडलक. हे चौक माहीत नसतील तर कुणाचंही बोलणं निम्मंच कळतं. दिवसभर फिरायचं असेल तर बसचा एक दिवसाचा पास काढा.

मेट्रोचे दोन मार्ग आहेत: पिंपरी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. सिव्हिल कोर्टाला दोन्ही एकमेकांना छेदतात. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भाग जमिनीखालून जातो, आणि याच भागातलं मंडई स्टेशन नवख्यासाठी सगळ्यात उपयोगाचं. एखाद्या दिवशी पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा, मंडईला उतरा आणि वर या. समोर महात्मा फुले मंडईची अष्टकोनी दगडी इमारत आहे, 1886 ची. सकाळी तिथे भाजी लावण्याची लगबग असते: ओटे धुतलेले, पालेभाजीवर पाणी मारणं चाललेलं, मेथीच्या जुड्या मुळं बाहेर करून गोल रचलेल्या. तिथून तुळशीबाग, मग तांबडी जोगेश्वरी, कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा. सगळं पायी, आणि दुकानं उघडायच्या आत. गर्दीत या गल्ल्यांतून फक्त माणसांच्या पाठी दिसतात. सकाळी मात्र वाड्यांचे उरलेले दरवाजे, लाकडी कोरीव खांब, पाट्या हे सगळं दिसतं.

आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना सुरुवातीला इथलं बोलणं तुटक वाटतं. आमच्याकडे पत्ता विचारला की आधी गाव विचारतात, मग चहा, मग पत्ता. इथे फक्त पत्ता मिळतो. त्यात तुसडेपणा नसतो. नेमकं विचारलंत तर नेमकं आणि बरोबर उत्तर मिळतं, आणि एकदा ओळख झाली की हीच माणसं तुमच्या आजारपणात डबा घेऊन येतात. पोह्यांवर तर्री मात्र मिळणार नाही, ती घरीच करावी लागते.

टेकडी

पुण्यात राहण्यातलं सगळ्यात मोठं सुख टेकड्या आहेत, आणि ते फुकट आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, चतुःशृंगी, तळजाई, पर्वती: घराजवळची एक धरा आणि आठवड्यातून दोनदा तरी चढा. पर्वती सगळ्यात सोपी, दगडी पायऱ्या आहेत आणि वरून अख्खं शहर दिसतं. वेताळ टेकडी शहरातली सर्वात उंच. हवा स्वच्छ असली की नैर्ऋत्येला सिंहगड त्याच्या टॉवरवरून ओळखू येतो. घराचा रस्ता, नदी, धरणाची दिशा, गड, हे सगळं वर उभं राहून एकदा बोटाने दाखवता आलं की शहर कळायला लागलं म्हणायचं.

वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढण्याचे प्रस्ताव वरचेवर पुढे येतात, आणि नागरिक त्यांना विरोध करतात. मी त्या नागरिकांच्या बाजूची आहे. नव्याने आलेल्यांनीही टेकडीवर चार सकाळी चालून मग आपलं मत ठरवावं.

एकटीने जाणाऱ्या मुलींना सांगते: सकाळी साडेसहा ते साडेआठ टेकडीवर भरपूर माणसं असतात. अंधार पडायच्या आत खाली या.

एका दमात वेताळ टेकडी चढता येऊ लागली की शहराबाहेर पडा.

मुंबई रस्ता: लोकलने मळवली

पिंपरी, चिंचवड, शिवाजीनगर, खडकी या पट्ट्यात राहत असाल तर तुमची पहिली सहल गाडीने करूच नका. पुणे–लोणावळा लोकल घ्या आणि लोणावळ्याच्या आधीच्या स्टेशनावर, मळवलीला उतरा. लोणावळ्यात चिक्की आणि गर्दी आहे. बघण्यासारखं जे आहे ते मळवलीला.

स्टेशनातून बाहेर पडून द्रुतगती मार्ग ओलांडला की भाजे गाव लागतं, तिथून पायऱ्या चढून भाजे लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह. पुढची भिंत नाही, त्यामुळे खाली उभं राहिल्याबरोबर आतला स्तूप दिसतो. खांबांकडे नीट बघा: ते सरळ नाहीत, आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तसे तिरके लावत, दगडात त्याची गरज नव्हती. पण कोरणाऱ्यांनी आपल्या सवयीचं घर जसंच्या तसं डोंगरात उतरवलं. मी पाहुण्यांना पहिल्यांदा इथेच नेते, आणि तिरकेपणा लक्षात आला की जो तो आपला हात खांबाला समांतर धरून बघतो.

रुळांच्या दुसऱ्या बाजूला, जुन्या महामार्गापलीकडे कार्ला. तिथलं चैत्यगृह देशातलं सगळ्यात मोठं, आणि छताला सागाच्या मूळ कमानी अजून आहेत. दाराशीच एकवीरा आईचं देऊळ असल्याने सुट्टीच्या दिवशी आणि चैत्रात मोठी रांग असते. कोळी समाजाची ती कुलदेवी, मुंबईहून पालख्या येतात. लेणी शांतपणे बघायची तर मधल्या वारी जा. भाजे आणि कार्ला एका दिवसात होतात, भाजे आणि लोहगडही होतात, तिन्ही नको. लोहगड जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी आहे. त्यातले शिवनेरी आणि राजगडही पुणे जिल्ह्यातलेच.

दुपारी लोकल विरळ असतात, म्हणून मळवलीला उतरल्यावर आधी परतीच्या वेळांच्या फळ्याचा फोटो काढा, मग लेण्यांकडे वळा.

सिंहगड रस्ता

स्वारगेटहून पीएमपीची बस सिंहगडाच्या पायथ्याला जाते. आतकरवाडीतून पायवाट वर चढते. टेकडीची सवय असेल तर तास-दीड तास. समुद्रसपाटीपासून गड साधारण 1300 मीटर उंच आहे, चढ उघडा आहे, म्हणून उन्हाळ्यात सातच्या आत चढायला लागा. गाडीने घाटातून गेलात तर वन खात्याच्या नाक्यावर शुल्क भरावं लागतं, आणि पावसाळ्यात दरडींमुळे घाट मधूनच बंद करतात. निघण्याआधी चौकशी करा.

4 फेब्रुवारी 1670 च्या लढाईत तानाजी मालुसरे इथे पडले. त्यांची समाधी, राजाराम महाराजांची समाधी, देवटाकं, कल्याण दरवाजा हे सगळं बघा आणि मग खायला बसा. घाईघाईत भजी खाऊन परत फिरणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं. वर पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा मिळतो. दही छोट्या मडक्यात लावलेलं असतं. खालच्या गावांतल्या बायका ते डोक्यावरून वर आणतात. मडक्याने पाणी शोषून घेतल्यामुळे दही घट्ट असतं, चमचा उभा राहतो. साखर की मीठ, असं विचारतात. मीठ घ्या. मडकं कड्यावरून भिरकावू नका, त्यांना परत द्या.

रविवारी दुपारनंतर खडकवासल्याच्या चौपाटीपाशी कणसाच्या गाड्या आणि मोटारींच्या रांगा अशा लागतात की वीस मिनिटांचं अंतर दीड तासावर जातं. सकाळी जा, अकराच्या आत खाली या.

सासवड आणि सोलापूर रस्ता

हडपसर, मगरपट्टा, फुरसुंगीकरांसाठी. दिवे घाटाच्या पायथ्याशी वडकीजवळ मस्तानी तलाव आहे. घाट चढला की पुरंदर तालुका आणि पावसाळ्यानंतर सीताफळं, उन्हाळ्याकडे अंजिरं. पुरंदरचं अंजीर शहरात आणलं की दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. तिथेच रस्त्याकडेला थांबून खाण्यात मजा आहे. सासवडला सोपानदेवांची समाधी आणि कऱ्हेकाठचं संगमेश्वराचं देऊळ बघा, पुढे जेजुरी. सोमवती अमावस्येला तुम्ही नवखे असाल तर जेजुरीला जाऊ नका. एरवी सकाळी जा, पांढरे कपडे घालू नका, भंडारा लवकर निघत नाही. पुरंदर किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्राशिवाय वर सोडत नाहीत.

सोलापूर रस्त्याने थेऊर अगदी जवळ. अष्टविनायकातला चिंतामणी, आणि थोरल्या माधवरावांनी 18 नोव्हेंबर 1772 ला जिथे देह ठेवला ते ठिकाण. यवतवरून वळून टेकडीवरचं भुलेश्वर. बाहेरून साधं दिसतं, आत शिरल्यावर अंधाराला डोळे सरावले की भिंतींवरची शिल्पं एकेक करून दिसायला लागतात. अनेक मूर्ती तोडलेल्या आहेत, तरी उरलेल्यांवर तासभर जातो. हिवाळ्यात आणखी पुढे भिगवण: उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी येतात. स्थानिक नावाडी होडीतून नेतात. पहाटे निघून सूर्योदयाला पाण्यावर असाल तरच जाण्यात अर्थ आहे.

नगर रस्ता

विमाननगर, खराडी, वाघोलीत राहणारे लोक म्हणतात की आमच्या बाजूला काही नाही. तुळापूरला भीमा, भामा आणि इंद्रायणी एकत्र येतात. 11 मार्च 1689 ला संभाजी महाराजांची हत्या झाली ती याच परिसरात. वढू बुद्रुकला त्यांची समाधी आहे. पुढे रांजणगावचा गणपती, आणि शिरूरवरून वळून निघोज. तिथे कुकडी नदीने काळ्या खडकात मोठमोठे रांजणखळगे कोरले आहेत. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी हे खळगे पाडले. हिवाळा किंवा उन्हाळा बघून जा, आणि कडेला वाकू नका, कातळ गुळगुळीत आहे.

पौड रस्ता, आणि पावसाचे नियम

कोथरूड, बावधन, भूगावकरांना मुळशी आणि ताम्हिणी जवळ. जुलैत ताम्हिणी घाट हिरवागार असतो आणि रस्त्याकडेला धबधबे कोसळतात. पण इथे मी कडक बोलणार आहे. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं. 15 जून 2025 ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. दोन्ही दिवस रविवार होते. तुमच्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात असतो, आणि पाणी काही क्षणांत वाढतं. म्हणून पावसाळ्यात वाहत्या पाण्यात उतरायचं नाही, ओल्या कड्यावर फोटोसाठी उभं राहायचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांची बंदी असेल तर जायचं नाही. धबधबा रस्त्यावरून बघा. पूर्ण दिसतो.

सातारा आणि नाशिक रस्ता: एसटीने

कात्रज-धनकवडीकरांसाठी नसरापूरचं बनेश्वर ही अर्ध्या दिवसाची सहल, वाई आणि मेणवलीचा घाट पूर्ण दिवसाची. गाड्या स्वारगेटहून सुटतात. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्ध तिकीट आहे, 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत. आई-वडील गावाहून आले की ओळखपत्र बरोबर घेऊन त्यांना खुशाल एसटीने न्या. राजगड आणि तोरणा याच बाजूला, पण ते पहिल्या वर्षी एकट्याने नको, माहीतगार माणूस बरोबर असू दे.

नाशिक रस्त्याच्या एसटीसाठी शिवाजीनगरला जाऊ नका. मेट्रोच्या कामामुळे तिथला स्टँड वाकडेवाडीला हलवला आहे. भोसरी-मोशीकरांना आळंदी दाराशीच आहे. कार्तिकी एकादशीच्या आसपास गर्दी असते, एरवी पहाटे इंद्रायणीच्या घाटावर निवांत बसता येतं. आषाढ वारीत ज्ञानेश्वर माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात दोन रात्री असते, भवानी आणि नाना पेठेत. त्या दिवसांत रस्ते बंद म्हणून कुरकुरत घरी बसू नका, रस्त्यावर उतरून वारकऱ्यांना पाणी द्या.

जुन्नरसाठी मात्र पहाटेची गाडी हवी. शिवनेरी आधी, सकाळच्या गारव्यात. महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा, जन्मस्थानाची इमारत वर आहे, आणि चढताना सात दरवाजे लागतात. खाली येऊन जुन्नरात जेवा, मग लेण्याद्री. तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाऊ बॅगेत ठेवा. स्टँडवर उतरल्याबरोबर परतीची शेवटची पुणे गाडी कधी हे नियंत्रकाला विचारून ठेवा. ती चुकली तर आधी नारायणगाव गाठा, महामार्गावर असल्याने नाशिककडून येणाऱ्या गाड्या तिथे रात्रीही मिळतात. नाणेघाट याच दिवशी उरकायला जाऊ नका, त्याला वेगळा दिवस द्या.